वाकलेल्या फ्रेमचे मोल

बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत आम्ही गेलो असता घरच्या मंडळींनी पडवीतून एक जुनी रॅले सायकल बाहेर काढली आणि विचारले, "हिची किंमत आता किती उरली?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यातल्या 'आता' आणि 'उरली' या दोन शब्दांतच सारी गोम होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. त्यांतलीच एक पोफळ या पडवीच्या छपरावर कोसळली आणि कौले, रिपा व एक वासा असा सारा संसार भिंतीला टेकलेल्या सायकलीवर आला. आजोबांनी मुंबईच्या नोकरीत असताना घेतलेली ती गाडी. तिच्या वरच्या नळीला सीटजवळ पोचा पडला आणि मागचा भाग एका अंगाला झुकला.

योगायोग असा की, त्याच दिवशी, म्हणजे जागतिक सायकलदिनीच, 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबाद येथील शेवटचा कारखानाही बंद पडला. एकाच दिवशी तिकडे कारखाना थांबला आणि इकडे पडवीतली सायकल मोडली. असो.

पुढे मुंबईहून जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ आले. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, मागचे चाक फिरवून पाहिले आणि निकाल दिला, "फ्रेम गेली म्हणजे सायकल गेली. लोखंडाचा भाव घ्या." नातू द्यायला तयार होता. आजी तयार नव्हत्या. मधल्या मध्ये पुतण्याने काळ्या ऑईलपेंटचा डबा आणि लांबी आणून ठेवली होती; पोचा भरून, रंग देऊन गाडी 'नवी' करावी आणि मग चांगल्या भावाला विकावी, असा त्याचा बेत. वाचकांनी ध्यानात घ्यावे की या तिघांपैकी प्रत्येकाच्या मनात फ्रेमच्या नुकसानीविषयी एक निश्चित कल्पना होती आणि पुतण्याची कल्पना त्यांतली सर्वांत महाग पडली असती. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम फ्रेम म्हणजे काय ते पाहू. 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची, दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली सायकल बाजारात आणली. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या आतच सायकलीच्या सांगाड्याला जो चौकटीच्या एक्क्यासारखा आकार आला, तोच आपल्या दारातल्या दूधवाल्याच्या गाडीला आजही आहे. पुढे हँडलाची आखूड नळी. तिच्यापासून सीटकडे जाणारी आडवी वरची नळी, जिच्यावर आपल्यापैकी अनेकजण लहानपणी वडिलांच्या दोन हातांच्या मध्ये बसले. तिथूनच पॅडलाकडे उतरणारी खालची नळी. सीटखालची उभी नळी. आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या बारीक नळ्यांच्या दोन जोड्या. पुढचे चाक धरतो तो चिमटा. चिमटा फ्रेममध्ये बसतो, पण तो फ्रेमचा अवयव नव्हे. हा भेद पुढे किंमत ठरविताना फार उपयोगी पडणार आहे.

या नळ्या एकमेकींना वेल्डिंगने चिकटवलेल्या नसतात. जुन्या गाड्यांत प्रत्येक सांध्यावर पोलादाची एक खोबणी असते, तिला कारागीर 'लग' म्हणतात. नळी लगमध्ये घालावयाची, सुमारे 900 अंशांपर्यंत तापवावयाची आणि वितळलेले पितळ त्या फटीत ओढू द्यावयाचे, अशी ती रीत. पितळ वितळते, पोलाद वितळत नाही. म्हणूनच कुशल कारागीर तीच नळी पुन्हा तापवून बाहेरही काढू शकतो. म्हणजे ही फ्रेम तत्त्वतः दुरुस्त होण्याजोगी घडविलेली असते. 'फ्रेम गेली' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

आता सांगाड्यावर ताण कुठे पडतो? नळीच्या मध्यावर कमी आणि टोकांशी, म्हणजे सांध्यांजवळ, जास्त. आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने 1897 साली टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले, ते याच कारणाने. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या जड गाड्यांच्या नळ्या बहुधा सरसकट एकाच जाडीच्या असत, पण ताणाचा नियम तोच. म्हणून वरच्या नळीच्या मध्याजवळ हँडल आपटून पडलेला उथळ पोचा डोळ्यांना कितीही खुपला तरी गाडीच्या प्रकृतीला फारसा बाधत नाही. याच्या उलट, हँडलाच्या नळीच्या जरा मागे, खालच्या नळीच्या पोटाशी रंगाला आलेली एक बारीक सुरकुती! ती पाहून जाणता माणूस दोन पावले मागे सरतो. गाडी समोरून कशाला तरी जोरात धडकली, पुढचा भाग मागे रेटला गेला आणि नळी दुमडू लागली, हे ती सुरकुती सांगते. पोचा दिसतो मोठा आणि असतो क्षुल्लक. सुरकुती दिसते क्षुल्लक आणि असते गंभीर. ती डोळ्यांनी दिसली नाही तर अंगठ्याने सापडते. खालच्या नळीच्या खालच्या अंगावरून अंगठा हँडलाकडून पॅडलाकडे सावकाश न्यावा; फुगवटा असेल तर अंगठा तिथे अडखळतो. आम्ही कोणतीही जुनी सायकल पाहताना पहिले हे करतो, मग घंटी वाजवून पाहतो.

बोर्लीच्या गाडीला ती सुरकुती नव्हती. झाड वरून पडले होते, गाडी कुठे धडकली नव्हती. चिमटाही सरळ होता. राहिला मागचा झुकाव. तो किती आहे हे नुसत्या नजरेने कळत नाही आणि तर्काने तर मुळीच कळत नाही. म्हणून आम्ही गवंड्याकडची बारीक दोरी मागवली. ही परीक्षा घरोघरी करता येण्याजोगी आहे. मागचे चाक काढून दोरीचे एक टोक एका बाजूच्या चाकाच्या खाचेला बांधावे, दोरी पुढे नेऊन हँडलाच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूने परत आणून दुसऱ्या खाचेला ताणून बांधावी. आता सीटखालची उभी नळी दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध आली पाहिजे. पट्टीने दोन्हीकडचे अंतर मोजावे. सरळ फ्रेममध्ये ते सारखे भरते. आमच्यापुढच्या गाडीत डावीकडे 21 मिलिमीटर आणि उजवीकडे 29 भरले. फरक 8 मिलिमीटरांचा. म्हणजे प्रत्यक्ष चाक बसते तिथे मागचा भाग साधारण सात मिलिमीटर उजवीकडे सरकला होता.

काहीजण चाक न काढताच निदान करतात आणि फसतात. मागच्या चाकाचा नट एका बाजूने सैल राहून चाक तिरपे बसले असेल किंवा रिमचाच आऊट असेल, तरी गाडी वाकडी भासते आणि बिचाऱ्या फ्रेमवर आळ येतो. पाच मिनिटांच्या पान्याच्या कामासाठी शेकड्यांनी रुपये कमी केलेले आम्ही पाहिले आहेत.

या किनाऱ्यावरच्या मंडळींना आणखी एक परीक्षा फुकट उपलब्ध आहे, जी पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही. ओहोटीच्या वेळी दिवेआगरच्या पुळणीवरची ओली वाळू पाटीसारखी कठीण असते. तीवरून सायकल सरळ चालवीत न्यावी आणि मागे वळून पाहावे. फ्रेम सरळ असेल तर मागच्या चाकाची रेघ पुढच्या रेघेवर अचूक पडते. वाकडी असेल तर एका बाजूला दुहेरी काठ उमटतो. मात्र घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी आणि कोरडी पुसावी, हे विसरू नये.

कारण समुद्राजवळच्या गाडीचा खरा शत्रू झाड नव्हे, मीठ आहे. खारी हवा लोखंडावर मिठाचा पातळ थर बसवते, तो थर हवेतली ओल ओढून धरतो आणि गंज चढत राहतो. बाहेरून दिसणारा गंज फारसा भयंकर नसतो. सीटच्या नळीतून आत शिरलेले पावसाचे पाणी खाली पॅडलाच्या सांध्यात साठते आणि तिथून मागच्या खालच्या नळ्यांना आतून खाऊ लागते. वरचा काळा रंग शाबूत आणि आत पोलादाची पापडी, असे प्रकार कोकणात सर्रास आढळतात. झाडाने वाकवलेली नळी सरळ करता येते; गंजाने खाल्लेल्या नळीत सरळ करायला काही उरतच नाही. म्हणून आम्ही पॅडलाचा सांधा उघडवला. वाटीतून छर्रे काढले, काळे वंगण पुसले. मूठभर तांबडी भुकटी निघाली खरी, पण टोच्याने आतून टोचून पाहता नळ्यांचे पोलाद घट्ट होते. घरातल्या सर्वांपेक्षा आम्हांलाच अधिक हायसे वाटले.

येथवर प्रकृतीची चर्चा झाली. आता किमतीची. प्रकृती आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच व्यवहारात माणसे ठकतात.

जुन्या सायकलीची किंमत दोन मर्यादांच्या मध्ये हेलकावे खाते. वरची मर्यादा म्हणजे तशीच निकोप गाडी जेवढ्याला जाईल ती. खालची मर्यादा म्हणजे गाडी सुटी केली तर तिच्या भागांचे जे येईल ते. लोखंडाचा भाव ही खालची मर्यादा नव्हे! या एका गैरसमजावर कितीएक खरेदीदारांची दुकाने चालतात. बोर्लीच्या गाडीच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा हब होता. त्यावर 52 हा सालाचा आकडा कोरलेला. सीट ब्रुक्सची, चामडे सुकलेले पण न फाटलेले. साखळीवरचे झाकण पूर्ण, पुढचा दिवा मूळचा. हे सर्व फ्रेम वाकली म्हणून वाकलेले नव्हते. त्या मुंबईच्या गृहस्थांनी मागचे चाक फिरवून पाहिले, ते चाकाचा आऊट पाहण्यासाठी नव्हे, हबावरचा आकडा वाचण्यासाठी, असा आमचा तर्क आहे.

हिशेब समजावा म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. समजा, अशी निकोप गाडी 20,000 रुपयांना जाते आणि तिचे सुटे भाग मिळून 9,000 होतात. तेव्हा फ्रेमचे नुकसान, ते कितीही असो, गाडीला 9,000 च्या खाली नेऊ शकत नाही. नुकसान फक्त एवढेच ठरवते की 9,000 आणि 20,000 यांच्या दरम्यान गाडी कुठे बसेल. मागचा भाग सरळ करण्याची मजुरी समजा 1,500 रुपये. मग निकोप किमतीतून 1,500 वजा करून 18,500 मागावे काय? तसे मागणारे मागतात, पण गिऱ्हाईक देत नाही आणि त्याचे चुकत नाही. मजुरीखेरीज त्याला आणखी एक गोष्ट विकत घ्यावी लागते: अनिश्चितता. सरळ करताना नळीला भेग गेली तर? दिसते त्याखेरीज आणखी काही निघाले तर? या 'तर'ची किंमत मजुरीहून नेहमीच मोठी असते. उलट, विकणाऱ्याने आधीच दोरी लावून माप दाखवले, पॅडलाचा सांधा उघडून आतले पोलाद दाखवले, तर तो 'तर' लहान होतो आणि किंमत तेवढी वर सरकते. नुकसान तेच, फ्रेम तीच. केवळ ते उघडपणे मोजून दाखविल्याने भाव चढतो.

आणि नेमके इथेच पुतण्याचा ऑईलपेंटचा डबा आडवा येतो.

आम्ही स्वतः एकदा पुरते फसलो आहोत, म्हणून हे अधिकाराने सांगतो. एका विक्रेत्याकडून आम्ही एक हंबर सायकल घेतली. हंबरच्या खास गाड्यांचा चिमटा दुहेरी असे; एकेका बाजूला एक जाड नळी नसून दोन बारीक नळ्या. तो चिमटा पाहून आम्ही इतके भुललो की खालच्या नळीवरून अंगठा फिरवायचे राहिले. आणि फिरवला असता तरी फुगवटा लागला नसता, कारण तो कानशीने घासून वर लांबी भरून चकचकीत काळा रंग दिलेला होता. पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड आले. लोहचुंबक लावून पाहिले तर नळीवर इतरत्र टचकन चिकटणारा चुंबक तिथे घसरू लागला. घासून काढल्यावर खाली दिसली ती पातळ झालेली, दुमडलेली नळी. एरवी सुरकुती असलेली ती गाडी आम्ही कमी पैशांत, पण जाणूनबुजून घेतली असती आणि नळी बदलून घेतली असती. आता मात्र त्या गाडीच्या एकाही सांध्यावर आमचा विश्वास उरला नाही. एका ठिकाणची लपवाछपवी उघड झाली की न लपवलेल्या दहा जागाही संशयित होतात. तेव्हापासून खिशात किल्ल्यांबरोबर एक चुंबक असतो.

शिवाय त्या काळ्या रंगाखाली दुसरेही काही गाडले जाते. जुन्या कारखान्यांत फ्रेमवरचा मुलामा भट्टीत भाजून पक्का करीत. वर सोनेरी रेघा हाताने ओढीत, नाव-चिन्हे चिकटवीत. हा मूळ रंग, मग तो ओरखडलेला का असेना, गेला की कोणत्याही पैशाने परत येत नाही. येते ती त्याची नक्कल. संग्रह करणारी मंडळी या मूळ रंगासाठी पोचा आनंदाने पत्करतात, पण पोचा घालवण्यासाठी मूळ रंग घालवलेला पाहून हळहळतात. नळी बदलायची झाली तर आच लागून आसपासचा रंग जळणारच. म्हणून खरोखर दुमडलेल्या किंवा भेगाळलेल्या नळीखेरीज त्या वाटेला जाऊ नये.

आणि जायचेच झाले तर कोणाकडे जावे, हा मोठा प्रश्न. गेट-ग्रिलचे काम करणाऱ्याने विजेच्या वेल्डिंगने लगच्या सांध्यावर टाका मारला की ते पितळ वितळून वेल्डिंगमध्ये मिसळते आणि सांधा ठिसूळ होतो. दिसायला जाडजूड आणि मजबूत. भरवसा काडीचाही नाही. अशी गाडी भिंतीवर टांगावी, उतारावर नेऊ नये. वेल्डिंगचा असा टाका फ्रेमवर दिसला की आम्ही मनातल्या मनात गाडीचा भाव सुट्या भागांच्या भावापर्यंत खाली आणतो.

चिमट्याची गोष्ट निराळी. तो वेगळा होतो, त्यामुळे बदलता येतो; म्हणून वाकलेल्या चिमट्याने किंमत कमी उतरते असे सामान्यतः म्हणता येईल. पण यातही मेख आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या गाड्यांना इंचाला 26 आट्यांचे माप ठेवले, तर इतर बहुतेक इंग्लिश गाड्यांना 24 आटे असत. बाजारातला चिमटा आणून रॅलेत बसवायला जावे तर वरची वाटी फिरतच नाही. मग कोणीतरी जबरदस्ती करतो आणि आटे मोडतात. रॅलेचाच जुना चिमटा शोधला तर काम निभावते, कारण त्या गाड्या विपुल आहेत. आमच्या हंबरचा दुहेरी चिमटा मोडला असता तर मात्र दुसरा मिळवायला जन्म गेला असता. नुकसानीची किंमत अशी त्या भागाच्या दुर्मिळतेशी बांधलेली असते.

चिमटा निघाला म्हणून 1913 सालच्या 'टूर द फ्रान्स'ची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिरेनीज पर्वताच्या उतारावर यूजीन क्रिस्तॉफ याच्या गाडीचा चिमटा मोडला. शर्यतीचा नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. गाडी खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालत सेंट मारी द कांपां या गावी आला आणि लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः तो चिमटा सांधला. तेवढ्यात एका मुलाने भाता ओढून दिला, म्हणून पंचांनी त्याला वर दंडही केला! आता विचार करा, तो सांधलेला चिमटा आणि कारखान्यातून आलेला कोरा चिमटा समोर ठेवले तर कोणाचे मोल अधिक? आपल्याकडे 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 साली पृथ्वीला वळसा घालून परतले. त्यांच्यापैकी कोणाची गाडी आज समोर आली आणि तिच्या फ्रेमवर परमुलखातल्या लोहाराचा ओबडधोबड टाका असला, तर तो टाका काढून टाका म्हणणारा माणूस वेडाच ठरेल. मात्र अशा वेळी टाक्यामागची हकीकत सिद्ध करता आली पाहिजे. 'म्हणतात बुवा' यावर संग्राहक पैसे देत नाहीत.

फ्रेमच्या बाबतीत एक गोष्ट खरेदीदार बहुधा बोलत नाहीत, पण पाहतात सर्वांत आधी: तिच्यावर ठोकलेला आकडा. तो सीटच्या सांध्यावर असतो किंवा पॅडलाच्या सांध्याच्या खाली. हँडल, चाके, सीट, दिवा यांची अदलाबदल पन्नास-साठ वर्षांत झालेलीच असते, ती कोणी फारशी मनावर घेत नाही. पण गाडीची ओळख फ्रेमशी बांधलेली आहे. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाल्यावर नॉटिंगहॅमची घडण इथेच होऊ लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. हे दोन्ही कारखाने पुढे 1980 च्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतले. घडण सारखी असल्यामुळे विलायती फ्रेम मोडली की आसनसोलची फ्रेम आणून तिला विलायती चाके-हँडल चढवावयाचे, असे घडे. त्यात फसवणुकीचा हेतू नसे. घरच्या कर्त्या पुरुषाला सकाळी कामावर जायचे असे, एवढेच. पण आज तीच गाडी 'नॉटिंगहॅमची' म्हणून विकणे ही लबाडी होय. आकडा घासून टाकलेली फ्रेम आम्ही हात न लावता परत ठेवतो, मग ती कितीही सरळ असो. पुण्यात कर्वेनगरात जुन्या सायकलींचे विक्रम पेंडसे यांचे संग्रहालय आहे. जुन्या गाड्यांवर मूळ काय आणि मागाहून चढलेले काय, याची नजर तयार करायची असेल तर अशा ठिकाणी एक दुपार घालवावी.

आता बोर्लीकडे परत येऊ. पोचा मोजला: दोन मिलिमीटर खोल, सांध्यापासून चार बोटे दूर, नळी दुमडलेली नाही, रंगाला तडा नाही. त्याला हात लावायचा नाही असे ठरले; पुतण्याचा डबा गोठ्याच्या दाराला उपयोगी पडला. मागचा भाग मात्र सरळ करणे प्राप्तच होते, कारण गाडी तशीच चालवली असती तर साखळी तिरपी ओढली जाऊन दाते झिजले असते आणि हात सोडले की गाडी एका अंगाला ओढ घेत राहिली असती. साधे पोलाद थंड असतानाच वाकवून जागेवर आणता येते. एकदा येते, क्वचित दोनदा. पुनःपुन्हा मागेपुढे वाकवले की तारेसारखे तुटते. बाजारपेठेतल्या वयस्क मिस्त्रींनी गाडी आडवी घालून, सागाच्या वाशाची तरफ करून, दर खेपेला दोरी लावून पाहत, चार खेपांत ते काम केले. त्यांनी एकदाही आच लावली नाही. काम झाल्यावर दोरीने माप घेतले ते डावीकडे 25, उजवीकडे साडेपंचवीस. आम्ही अर्ध्या मिलिमीटरविषयी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाले, "कारखान्यातून आली तेव्हाही एवढी असेलच, साहेब." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

नातवाने ती दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला पुळणीवर नेली. परत आला तो धापा टाकीत, "एकच रेघ उमटते" म्हणून सांगत.

मुंबईच्या गृहस्थांचा पंधरा दिवसांनी पुन्हा निरोप आला. या वेळी लोखंडाच्या भावाची भाषा नव्हती. सुट्या भागांच्या बेरजेहूनही चांगला वर आकडा होता. आजींनी तो ऐकून घेतला आणि विचारले, "पोचा तर आहे तिथेच आहे, मग आता त्याला तो दिसत नाही का?" गाडी देण्याचे अजून तरी ठरलेले नाही. नातवाने वहीच्या पानावर पोफळ पडल्याची तारीख, दोरीची आधीची आणि नंतरची मापे, फ्रेमचा आकडा, हबावरचे साल आणि पोच्याची खोली असे सर्व लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटच्या खाली बांधून ठेवला आहे.